केपीची सावली

पुण्यात पत्ता सांगायच्या दोन तऱ्हा. पेठेतला माणूस देवावरून सांगतो. जिलब्या मारुतीच्या पुढे, खुन्या मुरलीधराच्या अलीकडे; आणि तुम्हाला तो मारुती ठाऊक नसेल तर चूक तुमची. कोरेगाव पार्कातला माणूस नुसता आकडा सांगतो. 'लेन फाइव्ह.' घर कुठलं विचाराल तर, 'गेटवर ये, वॉचमनला सांगून ठेवतो.' विषय संपला. ना देव, ना तालीम, ना वाडा. एक ते सात गल्ल्या, नॉर्थ मेन रोड, साउथ मेन रोड आणि वर वडाच्या पारंब्या. एवढ्या सामग्रीवर हा भाग गेली शंभरेक वर्षं आपल्याला इम्प्रेस करतोय.

कोरेगाव पार्क म्हणायला वेळ कुणाला आहे म्हणा. केपी! उत्तरेला मुळा-मुठा, पश्चिमेला बंडगार्डन, पूर्वेला मुंढवा, आणि दक्षिणेला रेल्वेचे रूळ ओलांडले की घोरपडी. मी राहतो घोरपडीत, काम करतो केपीत आणि गावाकडे सांगतो 'कोरेगाव पार्कला असतो'. खोटं नाही, दिवसाचे अकरा तास तिथेच जातात. (गावाकडच्या निम्म्या लोकांना हे कोरेगाव भीमा वाटतं. ते वेगळं, नगर रस्त्यावर, भीमेच्या काठी.)

गाव म्हणजे कळंब. कुठलं कळंब, हा पुढचा प्रश्न ठरलेला, कारण महाराष्ट्रात कळंबांना तोटा नाही. तर आमचं कळंब इंदापूर तालुक्यातलं, नीरेकाठचं, वालचंदनगरचं. हे सांगायचं कारण केपीच्या गोष्टीत आमचा तालुका दोनदा येतो. एकदा सुरुवातीला, थोडा लांबून. आणि एकदा शेवटाकडे, अगदी थेट, पाण्यातून.

पावसाळ्यापुरते पुणेकर

मुंबई इलाख्याचं सरकार पावसाळ्यात पुण्याला मुक्कामाला यायचं. गव्हर्नरसाहेबांचा गणेशखिंडीतला बंगला म्हणजे आजची विद्यापीठाची मुख्य इमारत. साहेब आले की त्यांच्या मागे मुंबईचे शेठ, सर, संस्थानिक सगळे आले. आणि ही सगळी मंडळी एका जागी जमायचं ठिकाण म्हणजे लष्करातलं रेसकोर्स. पुण्याचा घोड्यांच्या शर्यतींचा सीझन अजूनही पावसाळ्यातच असतो, जुलै ते ऑक्टोबर. मुंबईच्या चिखलात घोडे पळत नाहीत आणि पुण्याची हवा त्या दिवसांत नुसती अशी असते की माणसाने दुलई सोडू नये.

आता सीझनपुरतं राहायचं तर घर हवं. कॅम्पात जागा लष्कराची, शहरात वाडे आणि गर्दी. नदीकाठाला मात्र मोकळी जमीन. बंडगार्डनचा बंधारा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पैशातून झालेला, शेजारी बाग, १८६७ पासून फिट्झगेराल्ड पूल, पलीकडच्या तीरावर १८९२ मध्ये आगाखानांनी बांधलेला महाल. म्हणजे 'व्ह्यू' आधीपासून तयार होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत इथे मोठाले प्लॉट पडले, सरळ गल्ल्या आखल्या गेल्या, दुतर्फा वड लावले गेले आणि संस्थानिकांनी, मुंबईच्या पैसेवाल्यांनी बंगले बांधले. गल्ल्यांना नावं द्यायची कुणाला गरज वाटली नसावी. नाव द्यायला तिथे राहावं लागतं, आणि हे तर पावसाळ्यापुरते पुणेकर!

त्यांना आणायला गाडीही होती. १ जून १९३० ला दख्खनची राणी सुरू झाली, ती आधी रोज नव्हे, वीकेंडला धावायची. नोकरदारांची पासवाली डेक्कन क्वीन ही नंतरची गोष्ट. आणि ती गाडी घाट चढते त्या भोर घाटातले बोगदे १९२० च्या दशकात ज्यांनी खणले, त्या कंत्राटदारांत एक सोलापूरचे गुजराती जैन गृहस्थ होते. वालचंद हिराचंद दोशी. हो, तेच.

मुंबईच्या शेठजींना केपीकडे आणणारी वाट ज्याने पोखरली, त्याच माणसाने थोड्याच वर्षांत उलट्या दिशेला, कळंबच्या माळावर, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस लावला आणि १९३४ च्या सुमाराला साखर कारखाना उभा केला. पुढे तिथेच साखर कारखान्यांची यंत्रं बनायला लागली, मग सिमेंटची, आणि त्यानंतर तर इस्रोच्या पीएसएलव्हीच्या मोटर केसिंग. आमच्या लहानपणी कळंबात घड्याळ बघायची पद्धत नव्हती, कंपनीचा भोंगा असायचा. कॉलनीत साहेबांचे बंगले, त्यांच्यापुढे झाडं, चुन्याने रंगवलेले बुंधे. गावातून कॉलनीत शिरलं की सायकलचा वेग आपोआप कमी व्हायचा. कुणी रागवायचं म्हणून नव्हे. सावली संपू नये म्हणून.

केपीत पहिल्यांदा आलो तेव्हा मला ते ओळखीचं वाटलं ते यामुळेच. श्रीमंत वस्तीची खूण बंगला नसते हो, बंगला कुणीही बांधतो. खूण असते रस्त्यावरची सावली. ती यायला पन्नास वर्षं लागतात आणि ती विकत मिळत नाही. फरक एवढाच की आमच्या कॉलनीतल्या साहेबाला सकाळी भोंगा झाला की कारखान्यात जावं लागायचं. केपीच्या साहेबाला काहीच करावं लागत नव्हतं.

सतरा नंबर

स्वातंत्र्य आलं, संस्थानं गेली, आणि एवढाले बंगले सांभाळायचे कुणी हा प्रश्न उभा राहिला. फाळणीनंतर पुण्यात आलेल्या सिंधी कुटुंबांपैकी ज्यांचा जम बसला त्यातली काही इथे आली, काही पारशी, गुजराती आधीपासून होते. तरी पन्नास-साठच्या दशकातलं केपी म्हणजे जुन्या लोकांच्या आठवणीत एक सुंदर आणि पेंगुळलेली जागा आहे. संध्याकाळी सातनंतर रिक्षावाला यायला तयार नसे म्हणे.

मग मार्च १९७४ मध्ये आचार्य रजनीश मुंबईहून पुण्याला आले आणि त्यांच्या शिष्यांनी १७, कोरेगाव पार्क हा पत्ता घेतला. पुढचं तुम्हाला माहीत आहे, निदान माहीत आहे असं वाटतं. आधी भगव्या, पुढे मरून झग्यांतले हजारो परदेशी, पेठांमध्ये दबक्या आवाजातल्या चर्चा, आणि ऐन भरात करिअर बाजूला ठेवणारा विनोद खन्ना. पण या सगळ्या सुरस कथांत एक साधी गोष्ट राहून जाते. या लोकांना राहायला खोल्या लागत होत्या! आणि केपीत खोल्याच खोल्या होत्या. ज्या बंगल्यांचं छप्पर गळत होतं त्यांच्या आउटहाउसला, गॅरेजला, गच्चीला भाडं यायला लागलं. शिंप्यांना झगे शिवायचं काम मिळालं. फळवाल्याने 'अवोकाडो' म्हणायला शिकून घेतलं. घोरपडीतली, मुंढव्यातली बायामाणसं या घरांमधून कामाला लागली. माझ्याकडे डबा देणाऱ्या मावशी अशाच एका इटालियन बाईच्या घरी काम करायच्या. 'तिनं मला कॉफी शिकवली, मी तिला पिठलं,' असं त्या सांगतात, आणि अध्यात्माबद्दल विचारलं तर, 'रडायची फार बाई, पण पगार एक तारखेला!'

१९८१ मध्ये रजनीश अमेरिकेला गेले आणि केपीचा भाव पडला. १९८७ च्या सुरुवातीला परत आले, नंतर 'ओशो' झाले, १९ जानेवारी १९९० ला गेले. आश्रम राहिला. आश्रमाच्या मागून वाहणाऱ्या घाण नाल्याच्या काठाला त्या लोकांनी बाग केली, ओशो तीर्थ. पुण्यात नाला साफ होऊन त्याची बाग होऊ शकते याचा बहुधा एवढाच पुरावा शिल्लक आहे, म्हणून मला त्याचं कौतुक जास्त.

त्याच सुमारास नॉर्थ मेन रोडवर जर्मन बेकरी सुरू झाली होती. नाव जर्मन, पाव भाजणारे नेपाळी, गिऱ्हाईक जगभरचं आणि बिल परवडणारं. एका चहावर तीन तास बसलात तरी कुणी उठवत नसे. केपीतली ती बहुधा एकमेव जागा होती जिथे इस्रायली बॅकपॅकर, मर्सिडीजमधून आलेला बिल्डर आणि सिम्बायोसिसचा कडका पोरगा एकाच बाकड्यावर टेकायचे.

१३ फेब्रुवारी २०१०. शनिवार, संध्याकाळ. स्फोट झाला तेव्हा बेकरी भरलेली होती. १७ जण गेले. त्यात परदेशी होते, बाहेरगावाहून शिकायला आलेली मुलं होती, बेकरीत काम करणारे होते. बेकरी २०१३ मध्ये पुन्हा उघडली. चांगली आहे, स्वच्छ आहे, दारात तपासणी आहे. पण पुण्याच्या हँगआउट संस्कृतीतला निवांतपणा त्या संध्याकाळी जो हलला तो हललाच. त्यानंतर केपीतलं प्रत्येक गेट जरा उंच झालं.

'आप कहाँ के हो?'

याच दशकात आयटीचा पैसा आला. नगर रोड, कल्याणीनगर, खराडी, मगरपट्टा. सगळीकडे काचेच्या इमारती आणि त्यातून संध्याकाळी सुटणारी आपल्यासारखी पब्लिक, जिला कुठेतरी बसायचं होतं. केपीने ती सोय केली. लेन सिक्स, लेन सेव्हन, कॅफे, पब, बुटीक. इतकी सोय केली की आता जुने रहिवासी आवाजाच्या तक्रारी करून थकले आहेत. त्यांची बाजूही बघा. तुमच्या बेडरूमच्या खिडकीखाली रात्री दीडला दहा जण 'भाई, कॅब कुठेय?' ओरडत असतील तर तुमचीही कॉस्मोपॉलिटन वृत्ती संपेल.

इथे मी एकदा घर शोधत होतो. ब्रोकरने पहिला प्रश्न विचारला, 'आप कहाँ के हो?' मी सांगितलं, इंदापूर. तो म्हणाला, 'नहीं, वो ठीक है. कंपनी कौनसी?' कंपनी सांगितल्यावर भाडं सांगितलं आणि भाडं सांगितल्यावर मी घोरपडीत राहायला गेलो. पण त्याचा प्रश्न मला आवडला. पेठेत हा प्रश्न आडनावापर्यंत जातो, इथे सॅलरी स्लिपपाशी थांबतो. ही प्रगती आहे की नाही यावर आमच्या ऑफिसात अजून एकमत नाही.

गंमत म्हणजे 'मूळचा केपीकर' असा प्राणी नाहीच. संस्थानिक बाहेरचे, शेठ बाहेरचे, सिंधी बाहेरचे, संन्यासी तर सातासमुद्रापलीकडचे, आपण आयटीवाले सगळ्या महाराष्ट्रातले आणि बिहार-बंगालातले. प्रत्येक लाटेला मागची लाट सुसंस्कृत आणि पुढची लाट उपद्रवी वाटते, एवढंच. ज्याची ही मूळची जमीन होती तो शेतकरी मात्र या गोष्टीत कुठेच सापडत नाही. शेजारी हडपसरला मगरपट्टा सिटी झाली तेव्हा शंभराहून जास्त शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे चारशे एकर जमीन एकत्र करून स्वतःच विकसित केली, भागीदार झाले. केपीचे प्लॉट पडले त्या काळात असं काही कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. आर्किटेक्चर केपीचं भारी, हिशेब मगरपट्ट्याचा भारी, असं माझं साधं मत आहे.

सध्या चाललंय ते वेगळंच. बंगला पाडायचा आणि टॉवर बांधायचा. गेटवरची नावं बदलतात, 'व्हिला'ची 'रेसिडेन्सेस' होतात. आश्रमाच्याही दोन प्लॉटांची अशीच गोष्ट. १०७ कोटींना विकायची परवानगी मागणारा अर्ज झाला, शिष्यांतल्याच एका गटाने विरोध केला आणि डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईच्या सह धर्मादाय आयुक्तांनी तो फेटाळला. हे प्रकरण कुणाला आध्यात्मिक वाटतं, कुणाला प्रॉपर्टीचं. मला ते झाडांचं वाटतं. बंगल्याच्या आवारात जमीन उघडी असते, पाणी मुरतं, वडाची मुळं तिथवर पसरतात. टॉवरखाली तीन मजली पार्किंग असतं. रस्त्यावरचा वड कागदोपत्री शाबूत राहतो, पण त्याने पाणी प्यायचं कुठून? पाचव्या लेनमधल्या एका माळीकाकांना विचारलं तर म्हणाले, 'झाड लगेच नाही मरत. आधी शेंडा वाळतो. लोक वर बघत नाहीत म्हणून कळत नाही.'

पुलाखालचं पाणी

आता आमचा तालुका. या वेळी थेट.

खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांत मिळून साधारण २९ टीएमसी पाणी मावतं. त्यावर बहुतेक सगळं पुणं जगतं, केपीचे शॉवर आणि स्विमिंग पूल धरून. पण त्याच खडकवासल्यातून नवा मुठा उजवा कालवाही निघतो, हडपसर, लोणी काळभोर, यवत, दौंड करत दोनशे किलोमीटरच्या आसपास जाऊन इंदापूर तालुक्यात संपतो. कळंबला आम्हाला नीरेचं पाणी, पण माझा मामा पळसदेवकडचा, म्हणजे 'टेल'चा. टेलचा शेतकरी म्हणजे लग्नातल्या शेवटच्या पंगतीचा पाहुणा. येईल ते वाढून घ्यायचं. उन्हाळ्यात कालवा सल्लागार समितीची बैठक असली की मामाचा मला फोन येतो. 'काय म्हणतंय तुमचं पुणं? आवर्तन सोडणार का न्हाई?' जणू व्हॉल्व्ह माझ्या डेस्कखाली आहे.

हे झालं येणारं पाणी. जाणारं पाणी बघायचं असेल तर बंडगार्डनच्या पुलावर उभे राहा. (मार्च २०२४ पासून मेट्रोचं स्टेशनच आहे तिथे, निमित्त काढायला नको.) नदी काळी असेल, नाहीतर जलपर्णीने हिरवीगार. फोटोत हिरवळ वाटते. शहरभरातून शुद्ध केलेलं, अर्धवट केलेलं आणि अजिबात न केलेलं असं सगळं सांडपाणी घेऊन ती केपीच्या मागच्या बाजूने जाते. इथल्या जुन्या बंगल्यांचं तोंड नदीकडे असायचं म्हणतात. नव्या इमारतींच्या नदीकडच्या खिडक्या एसीमुळे बंद असतात, ते बरंच आहे. पुढे मुंढव्याला बंधाऱ्यातून पंपाने पाणी उचलून जुन्या बेबी कालव्यात सोडतात, शेतीसाठी. त्यासाठीचा जॅकवेल केपीतल्या कुठल्याही रूफटॉपपासून दहा-पंधरा मिनिटांवर आहे, पण तो बघायला गेलेला एकही सहकारी मला अजून भेटलेला नाही. उरलेली नदी रांजणगाव सांडसला भीमेला मिळते आणि भीमा दौंड ओलांडून उजनीच्या फुगवट्यात शिरते. उजनी धरण १९८० मध्ये पुरं झालं. भिंत सोलापूर जिल्ह्यात, फुगवटा आमच्या तालुक्यात. जुनं पळसदेव त्याच पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं आणि मामा मला फोटो पाठवतो.

पुण्याने नदी सुधारायचं मनावर घेतलंय, ६ मार्च २०२२ ला पायाभरणीही झाली. काठ बांधून काढायचे, चालायला रस्ते, बसायला पायऱ्या. बंडगार्डनच्या बाजूचं काम डोळ्यांना छान दिसतं, आणि त्यासाठी काठावरची झाडं तोडण्यावरून २०२३ मध्ये पुणेकरांनी झाडांना मिठ्या मारून आंदोलन केलं तेही याच टापूत. मी दोन्ही बाजूंच्या लोकांबरोबर कॉफी प्यायलो आहे. एक बाजू म्हणते शहराला काठ हवा, दुसरी म्हणते काठाला झाडं हवीत. पाणी कसं असेल हे मी विचारलं की दोन्हीकडे जरा शांतता होते. काठ पुण्याचा आहे. पाणी पुढे मांजरीला पोचतं आणि मग ते आमच्या तालुक्याचं होतं.

आणि हो, भिगवण! हिवाळ्यात केपीतले निम्मे लोक पहाटे चारला गाडी काढून भिगवण-कुंभारगावला फ्लेमिंगो बघायला जातात. हातात हातभर लेन्स, सोबत थर्मास. नाव वल्हवणाऱ्या पोराला टिप चांगली देतात. उथळ पाण्यात, चिखलात, त्या गुलाबी पक्ष्यांना खायला भरपूर मिळतं, म्हणून ते येतात. परतताना हायवेवर चिलापीची थाळी, आणि दुपारी तीनला लेन सेव्हनमध्ये परत.

गेल्या जानेवारीत माझ्या टीममधल्या सहा जणांना मीच घेऊन गेलो होतो. मामाने नाव काढली. एकीने पाण्यात हात घातला आणि विचारलं, 'काका, पाणी क्लीन आहे ना?'

मामा वल्हं न थांबवता म्हणाला, 'ताई, तुम्ही राहता कुठं?'

'कोरेगाव पार्क.'

'मग तुम्हालाच ठाऊक असंल की.'